राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आता आठ महिने झाले तर लिहूनच टाकतो. आधीच सांगतो, नेट सारखं जातंय म्हणून कोणी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) टाकायच्या विचारात असेल तर नुसतं ते टाकल्याने नेट जायचं थांबत नाही. माझंही थांबलं नव्हतं. फक्त का जातंय ते दिसायला लागलं, आणि मला विचाराल तर हा सगळा उपद्व्याप तेवढ्यासाठीच करायचा.

राउटर जुनाच, कंपनीने अपडेट देणं कधीच बंद केलेलं. फ्लॅश (कायमची साठवण) १६ एमबी, रॅम १२८ एमबी, म्हणजे कामापुरतं आहे. (४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाला डबा असेल तर नाद सोडा, हल्लीची व्हर्जन त्यावर चालत नाहीत.) फ्लॅश करणं (म्हणजे नवं सॉफ्टवेअर चढवणं) सोपं आहे पण मागच्या स्टिकरवरचा हार्डवेअर व्हर्जन नंबर दोनदा बघा, मॉडेल तेच असलं तरी व्ही१ आणि व्ही२ आतून पार वेगळे निघू शकतात. कंपनीच्या फर्मवेअरवरून (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) येताना फॅक्टरी नावाची इमेज (म्हणजे फाइल) घ्यायची आणि पुढच्या अपग्रेडला सिसअपग्रेडवाली. चालू झाल्यावर वायफाय दिसलं नाही म्हणून घाबरायचं नाही, ते सुरुवातीला बंदच असतं, लॅन केबल लावून आत जायचं आणि आपणच चालू करायचं. माझ्या लॅपटॉपला लॅन पोर्टच नाहीये हे मला फ्लॅश झाल्यावर आठवलं, मग भावाचा यूएसबी अडॅप्टर येईपर्यंत घरात सगळे माझ्याकडे बघत बसले.

पहिलाच घोळ आयपी पत्त्याचा झाला. मोडेम १९२.१६८.१.१ आणि ओपनडब्ल्यूआरटीही येताना तोच पत्ता घेऊन येतं, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क, राउटरला कळेना पॅकेट कुठे पाठवायचं. राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करायचा, एवढंच. पण मी बदलून सेव्ह करायचो, थोड्या वेळाने बघतो तर जुनाच पत्ता परत! असं तीनदा झालं. नंतर कळलं की लुसीमध्ये (म्हणजे ब्राउझरमधून सेटिंग करायचं पान) बदल केल्यावर ठरावीक वेळात ब्राउझर पुन्हा राउटरपर्यंत पोचला नाही तर ते आपणहून जुनी सेटिंग परत आणतं, माणूस बाहेर अडकू नये म्हणून. सोय चांगलीच आहे, पण लॅपटॉपकडे अजून जुना आयपी असल्यामुळे तो पोचणार कसा. शेवटी सेव्ह दाबल्या दाबल्या केबल काढून परत लावली, नवा आयपी मिळाला, लगेच नवा पत्ता उघडला, टिकलं.

महिन्याभराने शहाणपणा सुचला आणि मोडेम ब्रिज मोडला टाकून (म्हणजे तो नुसती पॅकेट पुढे देणार) पीपीपीओई, म्हणजे नेटवाल्यांकडे लॉगिन करणं, राउटरवर घेतलं. नेट आलं, पिंग झकास, काही साइट धडाधड उघडतात आणि काही नुसत्या गोल गोल फिरत राहतात. मेसेज जातो, फोटो जात नाही. मी दोन दिवस डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलत बसलो, जे साफ चुकीचं होतं, कारण नाव सापडत होतं, पान येत नव्हतं. मग तुकडे न करता पिंग पाठवून बघितलं, १४७२ बाइटचं जात नाही, १४६४ चं जातं. त्यात हेडरचे २८ मिळवा, १४९२. इथरनेटच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतं, ते हे. म्हणजे लहान पॅकेट निघून जातं आणि भरलेलं मोठं पॅकेट वाटेतच अडकतं. खरं तर ओपनडब्ल्यूआरटीच्या फायरवॉलमध्ये वॅन झोनला (म्हणजे बाहेरच्या नेटच्या बाजूला) एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट लाइनला झेपेल एवढंच ठेवणं) आधीपासून चालू असतं, म्हणजे हा त्रास व्हायलाच नको. पण मी हौसेने पीपीपीओईसाठी वेगळा झोन बनवला होता आणि त्यात ती टिक करायचीच राहिली होती. टिक केली, पाच सेकंदात सगळं सुरळीत. दोन दिवस कस्टमर केअरच्या माणसाशी हुज्जत घातली होती मी, बिचारा.

आता मूळ दुखणं, संध्याकाळी नेट जाणं. जुन्या फर्मवेअरवर लाल दिवा लागायचा, आपण रिस्टार्ट करायचो, संपलं. इथेही सवयीने तेच करत राहिलो आणि लॉग बघायला गेलं की काही नाही. राउटरचा लॉग रॅममध्ये असतो हो! रिस्टार्ट केला की पुरावा गेला. कितीतरी आठवडे मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होतो. मग लॉग घरातल्या जुन्या लॅपटॉपवर पाठवायची सेटिंग केली (सिस्टीममध्ये लॉगिंगच्या टॅबमध्ये आहे, फक्त आयपी टाकायचा) आणि वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी सापडलं. पीपीपीच्या पाच इको रिक्वेस्टना (पलीकडचा आहे का, अशी विचारणा) उत्तर नाही म्हणून कनेक्शन तुटल्याची ओळ होती, आणि तिच्या काही सेकंद आधी वॅन पोर्टची लिंक डाउन, मग अप, आणि अप होताना १००० ऐवजी १०० एमबीपीएस. म्हणजे नेटवाल्यांकडून काही गेलंच नव्हतं, मोडेम आणि राउटरमधली हातभर केबल! गिगाबिटला आतल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे बाकीच्या दोनमधली एखादी जोडी ढिली झाली की लिंक १०० वर घसरते. प्लगची क्लिप तुटलेली होती आणि संध्याकाळीच का, तर त्याच टेबलावर तेव्हा अभ्यास चालतो, टेबल हललं की प्लग हलायचा. केबल बदलली. त्यानंतर त्या प्रकारे नेट एकदाही गेलेलं नाही.

एसक्यूएम (एकाने लाइन भरली तरी बाकीच्यांची पॅकेट अडकू नयेत म्हणून रांग सांभाळणारं पॅकेज) पण लावलंय, त्यातलं केक नावाच्या पद्धतीवालं. लाइनच्या स्पीडच्या साधारण ९० टक्के आकडा टाकला, कोणी फोटो बॅकअपला लावले तरी मीटिंगमधला आवाज तुटत नाही. पण प्रोसेसरवर ताण येतो, जास्त स्पीडच्या लाइनला जुना राउटर धापा टाकेल. आणि फ्लो ऑफलोडिंग (वेगासाठी पॅकेट जवळच्या वाटेने काढणं) चालू ठेवून एसक्यूएम लावू नका, पॅकेट त्याला बगल देऊन जातात आणि मग आपण म्हणतो फरक पडत नाही.

तक्रारी पण आहेत. ५ गिगाहर्ट्झला रडारवाला चॅनल (जो रडारही वापरतं, म्हणून राउटरला आधी ऐकून बघावं लागतं) घेतला तर चालू होताना किमान एक मिनिट वायफाय गायब असतं. राउटरला घड्याळाची बॅटरी नसते, लाइट जाऊन आली की वेळ मागे राहते, आणि डीएनएस ओव्हर टीएलएस (डीएनएसची विचारणा कुलूपबंद करून पाठवणं) लावलं असेल तर सर्टिफिकेट पटत नाही म्हणून नाव सापडत नाही आणि नाव सापडत नाही म्हणून टाइम सर्व्हरही सापडत नाही. मी टाइम सर्व्हर नावाऐवजी सरळ आयपीने टाकलाय. आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे अपग्रेडला सेटिंग राहतात पण वरून टाकलेली पॅकेजं उडतात. अपग्रेडनंतर एसक्यूएम गायब आहे हे मला आठवडाभराने मीटिंगमध्ये आवाज तुटल्यावर कळलं. आता पॅकेजांची यादी कागदावर लिहून राउटरच्याच पोटाला चिकटवलीय, स्टिकरच्या शेजारी.