कर्व्ह्ड की फ्लॅट? नऊ महिन्यांनंतरचं माझं मत, आणि एका ८ चा ३ कसा झाला

दसऱ्याच्या सेलमध्ये आम्ही दोघांनी एकदमच फोन घेतले. नवऱ्याने घेतला कर्व्ह्ड डिस्प्लेवाला, म्हणजे ज्याच्या स्क्रीनच्या दोन्ही बाजूच्या कडा वाकलेल्या असतात तो, ६.७८ इंच. मी घेतला फ्लॅट, ६.७ इंच. कंपन्या वेगवेगळ्या, किमतीत दीड हजाराचा फरक, दोन्ही अमोलेड, दोन्ही १२० हर्ट्झ, बाकीचं तुम्हाला माहितीच आहे त्यामुळे ते परत लिहीत बसत नाही. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव आलं की लोक आपापल्या कंपनीच्या बाजूने भांडायला लागतात आणि मूळ मुद्दा राहून जातो. माझा मुद्दा कंपनीचा नाहीच, स्क्रीनच्या कडेचा आहे.

आत्ता लिहायला घेतलं कारण गेल्या आठवड्यात सासूबाईंसाठी फोन बघायला गेलो आणि दुकानातल्या मुलाने परत तेच सुरू केलं, मॅडम कर्व्ह्ड घ्या, हातात प्रीमियम वाटतो. नऊ महिन्यांपूर्वी आम्हालाही हेच सांगितलं होतं. तेव्हा म्हटलं आपल्याला काय काय झेलावं लागलं ते एकदा सविस्तर लिहून टाकू, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आधी माझं काम सांगते म्हणजे मोठी स्क्रीन मला का लागते ते कळेल. मी नाशिकला शरणपूर रोडवर एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, राहायला सिडकोत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला जीएसटी रिटर्नची घाई असते, आणि क्लायंट बँक स्टेटमेंटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकतात ती रात्री साडेनऊला, तेव्हा कुकर लावलेला असतो, मुलाचा अभ्यास चालू असतो, लॅपटॉप कोण उघडणार, मग फोनवरच बघते. तारीख, तपशील, चेक नंबर, नावे, जमा, बॅलन्स, असे सहा कॉलम एका स्क्रीनवर मावले पाहिजेत. पिक्चर बघायला मी मोठा फोन घेतलेला नाही.

सुरुवातीला खरं सांगायचं तर मला त्यांचाच फोन जास्त आवडला होता. पाठीमागे मऊ लेदरसारखं फिनिश, वजन कमी, बॉक्समध्ये ८० वॅटचा चार्जर. माझ्यात चार्जरच नव्हता, तो वेगळा घ्यावा लागला १,३०० रुपयांना, म्हणजे दीड हजारांची बचत जवळजवळ तिथेच संपली. महिनाभर मी मनातल्या मनात हळहळत होते की आपणही तोच घ्यायला हवा होता.

मग डिसेंबरात ग्लास बसवायची वेळ आली.

माझ्या फोनला एमजी रोडवर टेम्पर्ड ग्लास बसवली, १५० रुपये, पाच मिनिटं. पुसली, टेकवली, मधून दाबली, बुडबुडे बाहेर, झालं. कर्व्ह्डला मात्र साधी ग्लास बसतच नाही, कडेला उचलते, त्यामुळे यूव्ही ग्लास लागते, ९०० रुपये. ती कशी बसवतात ते मी समोर उभं राहून बघितलं. फोन एका साच्यात आडवा ठेवला, वरच्या बारीक फटीवर, म्हणजे जिथून कॉलचा आवाज येतो तिथे, पातळ चिकटपट्टी लावली, मग छोट्या बाटलीतला पाण्यासारखा गोंद स्क्रीनच्या मधोमध ओतला आणि वरून काच हळूहळू सोडली. तो गोंद साखरेच्या पाकासारखा चारी बाजूंना पसरत गेला, आणि कडेला पोचल्यावर थांबला नाही, बाजूने खाली ओघळला, तसा त्या मुलाने टिश्यू पेपर लावून लावून टिपला. मग निळा दिवा, एकेका बाजूला मिनिटभर. गोंद त्या उजेडाने कडक होतो. मी विचारलं की आत नाही ना जाणार, तर म्हणाला, रोज वीस करतो ताई.

पंधरा दिवसांत आवाज दबला. हे अंबडला कंपनीत क्वालिटीला आहेत, दिवसभर सप्लायरचे फोन, मागे मशीन चालू. सिन्नरहून आईंचा फोन आला की हे सारखं काय, काय, करायचे, शेवटी आई म्हणाल्या, अरे मी इथे ओरडून बोलतेय आणि तुला ऐकू येत नाही, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये आधी. दोन दिवस आम्हाला खरंच कानाचीच शंका होती. मग मी माझ्या फोनवरून बोलायला लावलं तेव्हा कळलं.

दुकानदार हात वर करून मोकळा. म्हणे आमच्याकडून नीट दिलेला, बिल आहे का. ९०० रुपयांचं बिल त्याने दिलंच नव्हतं, आणि अकाउंट्समध्ये काम करणाऱ्या बाईने ते मागितलं नाही याचा मला स्वतःचा फार राग आला. सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो तर पहिल्याच मिनिटाला सांगितलं, यूव्ही गोंद आत गेलाय, वॉरंटीत बसत नाही, डिस्प्ले असेंब्ली बदलावी लागेल, ११,८०० रुपये. दहा हजार अधिक १८ टक्के जीएसटी, हिशोब मला तोंडपाठ. डिस्प्ले तर चांगला चालू होता! बदलायची होती फक्त वरच्या फटीतली जाळी, जिच्यातून कॉलचा आवाज येतो ती. मी म्हटलं मला हे लेखी द्या, कुठला पार्ट खराब आहे आणि तो का बदलायचा ते जॉबशीटवर लिहा, नाहीतर मी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार करते. आवाज चढवला नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाही. अर्ध्या तासाने आतून एक सीनियर मुलगा आला, त्याने फोन आत नेला, ग्लास काढली, जाळी साफ केली आणि ४१३ रुपये घेतले, ३५० अधिक जीएसटी. त्या मुलाचे मनापासून आभार, त्याने मला भिंगाखाली दाखवलं सुद्धा, जाळीची निम्मी भोकं काचेसारख्या पापुद्र्याने बुजलेली. वर सांगितलं की परत यूव्ही ग्लास लावू नका, हायड्रोजेलची मऊ, वाकणारी फिल्म लावा.

आवाज बराच परत आला पण पूर्ण नाही. घरात ठीक, मशीनजवळ उभं राहिलं की ऐकू येत नाही. म्हणून फेब्रुवारीत आम्ही फोनच अदलाबदल केले, त्यांना माझा फ्लॅट, मला त्यांचा कर्व्ह्ड, मी तशीही इअरफोन लावूनच बोलते.

आणि इथे मला माझं मत थोडं बदलावं लागलं. कारण वापरायला लागले तसा तो फोन मला परत आवडायला लागला. कडेवरून अंगठा आत सरकवून मागे जायचं असतं ना, ते कर्व्ह्डवर लोण्यासारखं होतं, फ्लॅटला फ्रेमची कड बोटाला लागते. रात्री झोपून वाचताना हाताला भार वाटत नाही. सकाळी अंघोळीला जाताना चार्जिंगला लावला की डबा भरेपर्यंत फुल्ल. फोटो तर नक्कीच सरस, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आरतीच्या वेळी काढलेले दिव्यांचे फोटो माझ्या फोनवर कधीच तसे आले नसते. एप्रिलच्या उन्हात सिग्नलला थांबून मेसेज बघायचा तर ब्राइटनेस दोघांचा सारखाच. मार्चच्या सुरुवातीला मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ग्लासची भानगड सोडली तर कर्व्ह्डच घ्या.

मग मार्च अखेर आला. एका क्लायंटचं बँक रिकन्सिलेशन, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट आणि आमच्या नोंदी यांचा ताळा, जुळेना, ५,००० चा फरक. आमच्या धंद्यात पहिली गोष्ट बघतात की फरकाला ९ ने भाग जातो का, जात असेल तर बहुतेक कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ५,००० ला ९ ने भाग जात नाही. मग एंट्री राहिली का, दोनदा पडली का, चेक वटला नाही का, सगळं बघून झालं. रात्रीचे साडेअकरा. शेवटी लॅपटॉप काढला आणि तीच पीडीएफ उघडली तर ८,५०० ची एंट्री, आणि मी फोनवर वाचून लिहिलेली ३,५००.

मी फोन परत हातात घेतला आणि ती ओळ शोधली. जमेचा कॉलम मोठा करून बघताना आकडा नेमका उजव्या कडेच्या वळणावर आला होता, आणि त्या वळणावर स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटची उभी पांढरी रेघ पडलेली. ८ ची डावी बाजू त्या रेघेत पुसली गेली होती. फोन जरा कलवला की ८, सरळ धरला की ३. मी चार-पाच वेळा कलवून बघितलं. नवऱ्यालाही उठवून दाखवलं. वाकलेल्या काचेवर असं होणारच, फ्लॅट काच कलवली की दिवा बाजूला जातो, पण वाकलेल्या काचेचा कुठला ना कुठला भाग दिव्याकडे तोंड करून असतोच, मग रेघ फक्त जागा बदलते, जात नाही. ही रेघ एकदा दिसली की मग कायम दिसत राहते. मला तेव्हापासून त्या फोनवर एकही आकडा शांतपणे वाचता आला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली सहा इंची स्टीलची पट्टी घरी आणली आणि दोन्ही फोन मोजले. ६.७ इंचीवाल्या माझ्या फ्लॅट फोनची स्क्रीन रुंदीला जवळजवळ ७० मिलिमीटर. ६.७८ इंचीवाल्या कर्व्ह्डची कडा धरून ७० च्या थोडी वर, पण दोन्हीकडचं वळण सोडलं तर सपाट भाग जेमतेम ६६. म्हणजे ज्याला आपण मोठा समजून घेतला तो वाचायला लहान! इंच मोजतात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरके, त्यात स्क्रीन उंच केली की आकडा वाढतो, रुंदी वाढायची गरजच नाही. मग मला नादच लागला आणि जुन्या फोनचे हिशोब काढले. २०११ मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी नोट आला तो ५.३ इंच, तेव्हा लोकांना तो अवाढव्य वाटायचा. त्याच्या स्क्रीनच्या उंची-रुंदीचं प्रमाण १६ः१० होतं, म्हणजे रुंदी साधारण ७१ मिलिमीटर. आजचा २०ः९ वाला ६.७ इंची फोन सुद्धा तेवढा रुंद नाही. आपल्याला मिळालीये ती फक्त उंची, आणि उंचीचा उपयोग खाली खाली सरकवत राहायला. माझे सहा कॉलम आडवे असतात.

फोन आडवा धरा असं कुणी म्हणेल. धरते, पण मग एका वेळी फार कमी ओळी दिसतात, आणि एका हातात पळी असताना आडवा फोन धरून दाखवा.

वाकलेल्या कडांची सुरुवातही सॅमसंगच्याच २०१४ च्या नोट एजपासून झाली, तेव्हा एकच कड वाकलेली होती, पुढच्या वर्षी एस६ एजला दोन्ही. आणि २०२४ मध्ये त्यांनीच एस२४ अल्ट्राला फ्लॅट स्क्रीन दिली. लाखाच्या वरचा फोन फ्लॅट आहे म्हटल्यावर पंचवीस-तीस हजारांच्या फोनला कर्व्ह आहे म्हणून प्रीमियम कसं म्हणायचं, हे मी त्या दुकानातल्या मुलालाही विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मे महिन्यात यांनी कंपनीत नेकबँड, म्हणजे गळ्यात अडकवायचा इअरफोन, वापरायला सुरुवात केली आणि माझा फोन मला परत मिळाला. आता जुलै, नववा-दहावा महिना चालू आहे. माझ्या फ्लॅट फोनबद्दलही जे खटकतं ते सांगते. चार्जिंगला सव्वा तास जातो. वजन जास्त आहे, रात्री वाचताना करंगळीवर रुततो. रात्रीचे फोटो पुसट. अपडेट आलं की दोन दिवस बॅटरी लवकर उतरते, मग आपोआप ठीक होते. पावसात मात्र हा फोन बरा, गेल्या महिन्यात गाडीवरून येताना प्लास्टिकच्या पिशवीतूनच ओटीपी बघितला. कर्व्ह्डवर तसं करताना तळहाताचं मांस कडेला टेकून भलतंच काहीतरी उघडायचं.

खर्च सांगते. फ्लॅट फोनवर फोन सोडून नऊ महिन्यांत गेले १,३०० चार्जरचे आणि दोन ग्लासचे ३००, एकूण १,६००. दुसरी ग्लास का, तर पहिली ओट्यावर आपटून फुटली, स्क्रीनला काही झालं नाही. कर्व्ह्डवर ९०० ची ग्लास, ४१३ ची सफाई, ३५० ची फिल्म आणि १,४०० चा नेकबँड, जो फोनचा आवाज नीट आला असता तर लागलाच नसता. म्हणजे ३,०६३. शिवाय सर्व्हिस सेंटरच्या दोन फेऱ्या आणि माझी अर्ध्या दिवसाची रजा, ती मी यात धरलेली नाही.

तुम्ही फोटो काढता, व्हिडिओ बघता, फोन जपून वापरता आणि उघड्या काचेची भीती वाटत नसेल तर कर्व्ह्ड तुम्हाला आवडेल, मलाही दीड महिना फार आवडला होता. पण ज्यांना फोनवर आकडे, सातबारा, पोथी, मुलांचे पेपर, काहीही वाचायचं आहे त्यांनी फ्लॅटच घ्यावा. यात मला आता शंका राहिलेली नाही.

सासूबाईंना शेवटी फ्लॅटच घेतला, अठरा हजारांत. दुकानात पर्समधून पट्टी काढली तेव्हा तो मुलगा बघतच राहिला, पण मी तीन फोन मोजले आणि ७० भरला तो घेतला. मग आईंनी त्यावर हरिपाठ उघडला, अक्षर मोठं केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिला अभंग न अडखळता वाचला. बिल मी मागून घेतलं.