वाइसाख की वाइल डेर श्टाट? आमचा अनुभव

जर्मनीत श्टुटगार्टच्या पश्चिमेला नोकरी लागली की घर कुठे घ्यायचं म्हणून बऱ्याच जणांची गाडी वाइसाख नि वाइल डेर श्टाट या दोन गावांच्या नावांवर अडते. आम्ही आधी दोन वर्षं वाइसाखला काढली, आता वाइलला आहोत, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

वाइसाख म्हणजे शेजारचं फ्लाख्ट धरून साधारण साडेसात हजार वस्तीचं गाव. पोर्श या मोटार कंपनीचं डेव्हलपमेंट सेंटर नि टेस्ट ट्रॅक इथलाच, त्याच्या करावर गाव एकेकाळी चांगलंच श्रीमंत झालं. माझं ऑफिस सायकलच्या अंतरावर होतं, एप्रिलमध्ये बांधावरची काटेरी झुडपं पांढऱ्या फुलांनी भरून जायची आणि शेजारचे आजोबा सप्टेंबरात दाराशी प्लमची टोपली ठेवून जायचे. असा शेजार वाइलला अजून मिळालेला नाही, खरंच सांगतो.

पण अडचण झाली ती बायकोची. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतं, मग लेखी नि गाडी चालवायची परीक्षा परत द्यायची, आणि ते होईपर्यंत सगळा भरवसा बसवर. तिचा जर्मनचा क्लास जवळच्या लेओनबर्ग शहरात, संध्याकाळी सुटायचा, तेव्हा बस विरळ, एक चुकली की थंडीत स्टॉपवर उभं राहायचं नाहीतर मी काम टाकून आणायला जायचं. गावात रूळ आहेत, 1906 मध्ये रेल्वे आली होती, पण 2012 पासून रोजची पॅसेंजर बंद, आता उन्हाळ्यात काही रविवारी हौशी मंडळी वाफेची गाडी आणतात तेवढीच. ते रूळ बघून ती एकदा म्हणाली, "मला इथून एकटीला कुठे जाताच येत नाही." ते मला फार लागलं.

वाइल हे तटबंदीचं जुनं गाव, खगोलशास्त्रज्ञ केपलरचा जन्म 1571 मध्ये इथलाच, चौकात त्याचा पुतळा आहे. पण आमच्यासाठी महत्त्वाची ती एस 6, म्हणजे श्टुटगार्टला जाणारी लोकल ट्रेन. ही लाइन इथेच संपते, त्यामुळे सकाळी जागा मिळते आणि मधे गाडी न बदलता लेओनबर्ग, श्टुटगार्ट. दुसऱ्याच आठवड्यात ती एकटी जाऊन भाजी, मसाले घेऊन आली. माझा ऑफिसचा प्रवास वाढला, तो वाढू दे.

दोघांकडे जर्मन लायसन्स नि दोन गाड्या असतील तर वाइसाखला मी नको म्हणणार नाही, मुलांना तर तिथे मोकळं रान आहे. पण जोडीदार भारतातून नुकताच येणार असेल तर माझ्या मते पहिलं घर वाइलला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा, भाडं थोडं जास्त पडलं तरी.