लेस्टर सिटीबरोबर अख्खा हंगाम काढल्यावर: २०२२-२३ चा अनुभव

ऑगस्टपासून मेपर्यंत लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबचे प्रीमियर लीगमधले सामने बघितले, म्हणून सविस्तर लिहितो आहे. फक्त शेवटच्या दिवसाची बातमी वाचली तर वाटेल की क्लब दोन गुणांनी, नशिबाने खालच्या चॅम्पियनशिप विभागात घसरला. हंगामभर बघणाऱ्याला असं वाटणार नाही.

सुरुवातीला कागदावर सगळं भक्कम होतं. २०१६ चं लीगचं विजेतेपद आता जुनं झालं, पण २०२१ चा एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) ताजा होता आणि आदल्याच मोसमात युरोपातल्या कॉन्फरन्स लीगची उपांत्य फेरी गाठलेली. मॅडिसन, बार्न्स, टिलेमान्स, वार्डी असे चौघे एका संघात. पहिल्याच सामन्यात ब्रेंटफर्डवर २-० आघाडी घेतली, आणि सामना २-२ सुटला. त्यानंतर सलग सहा पराभव. त्यातला शेवटचा टॉटनहॅमकडून ६-२, सोनने बदली खेळाडू म्हणून येऊन हॅटट्रिक केलेला.

मूळ दुखणं उन्हाळ्यातलं. कॅस्पर श्मायकेल नीसला गेला आणि त्याच्या तोडीचा गोलरक्षक आणलाच नाही. हातमोजे डॅनी वॉर्डकडे गेले. फोफाना चेल्सीला गेला, भरपूर पैसे आले, पण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार बंद होता होता जो एक बचावपटू आला तो वूट फास. क्लबला आदल्या आर्थिक वर्षात ९ कोटी पौंडांहून जास्त तोटा झालेला, मालकांच्या ड्युटी फ्री दुकानांच्या धंद्याला कोविडने जबर मार दिलेला, त्यामुळे हात आखडता घेणं समजू शकतो. पण वॉर्डला बदलायला मार्च उजाडला, हे मला समजत नाही. कॉर्नर आला की बचावफळीत कोण कुणाला धरतंय हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

गोल करण्यात मात्र हा संघ कमी नव्हता, आणि तेच जास्त लागतं. लीगमध्ये ५१ गोल केले. घसरणीतून वाचलेल्या एव्हर्टनने ३४! पण ६८ खाल्ले. बार्न्सचे १३, मॅडिसनचे १०. मी आजवर बघितलेल्या घसरलेल्या संघांमध्ये इतका देखणा हल्ला कुणाचाच नव्हता. फेब्रुवारीत ॲस्टन व्हिलावर ४-२, मग लगेच टॉटनहॅमवर ४-१ असे विजय मिळाले, आणि वाटलं, सुटलो. पुढे नऊ सामन्यांत एक बरोबरी आणि आठ पराभव.

एप्रिलच्या सुरुवातीला प्रशिक्षक रॉजर्सना हटवलं. क्रिस्टल पॅलेसविरुद्ध भरपाई वेळेत हरल्यावर. त्यांच्या जागी आलेल्या डीन स्मिथ यांना आठ सामने मिळाले. हा निर्णय मार्चच्या सुरुवातीला झाला असता तर? साउदॅम्प्टनकडून १-० हरलो, तेही त्यांची पेनल्टी अडवल्यानंतर, तेव्हाच संघात जीव उरलेला नाही हे उघड दिसत होतं.

ज्यावर सगळं फिरलं तो सामना माझ्या मते १ मेचा, घरच्या मैदानावर एव्हर्टनशी. २-१ पुढे, मध्यंतर तोंडावर आणि पेनल्टी मिळाली. मॅडिसनने सरळ मधोमध मारली. एव्हर्टनचा गोलरक्षक पिकफर्ड जागचा हललाच नाही. त्याच्या पाण्याच्या बाटलीवर कोण कुठे मारतो याची टिपणं चिकटवलेली होती! मध्यंतरानंतर एव्हर्टनच्या इवोबीने बरोबरी साधली. तो सामना जिंकलो असतो, बाकी सगळं तसंच राहिलं असतं, तर लेस्टर ३६ आणि एव्हर्टन ३५. म्हणजे वाचलो असतो. मॅडिसनला दोष देत नाही, हंगामभर त्यानेच गाडा ओढला. पण एक संघ गृहपाठ करून आला होता आणि दुसरा नाही, हे त्या एका फटक्यात दिसलं.

शेवटच्या दिवशी, २८ मेला, वेस्ट हॅमविरुद्ध ३४व्या मिनिटाला बार्न्सने गोल केला. त्याच वेळी चाललेल्या सामन्यात एव्हर्टन अजून ०-० वर, म्हणजे गोलफरकावर आपण वर. तेवीसेक मिनिटं लेस्टर प्रीमियर लीगमध्ये होतं. मग तिकडे एव्हर्टनच्या डुकुरेने पेनल्टी क्षेत्राबाहेरून सणसणीत फटका मारून गोल केला. इकडे फासने हेडरने दुसरा गोल केला तेव्हा स्टेडियममध्ये आनंद झाला खरा, पण हातात काही उरलं नव्हतं. २-१ जिंकलो, ३४ गुण, अठरावे, म्हणजे खाली जाणाऱ्या शेवटच्या तिघांत. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबांपैकी घसरणारा ब्लॅकबर्ननंतर हा दुसराच.

टिलेमान्स आणि बचावपटू सोयुंजू करार संपल्यावर गेले, क्लबला एक पैसाही मिळाला नाही. याचा राग मला घसरणीपेक्षा जास्त आहे. हे दोघे कधी विकायचे हे वर्षभर आधी ठरवता आलं असतं, त्या पैशांत गोलरक्षक आला असता.

हा क्लब कुणाला सुचवेन? ज्याला फक्त गुणतालिका बघायची आहे त्याला नाही. सामना रंगायला हवा, गोल हवेत, आणि हरल्यावर पुढच्या शनिवारी पुन्हा बसायची तयारी आहे, त्याने जरूर यावं. मॅडिसन टॉटनहॅमला गेला, २०२३ च्या उन्हाळ्यात मारेस्का नवे प्रशिक्षक झाले, पुढच्या हंगामात चॅम्पियनशिपचे ४६ सामने होते. ते सगळे बघायचं मी ठरवलं होतं.