सांगली ते न्यूयॉर्क: थेट विमान की मध्ये थांबा?

लेकीकडे न्यूयॉर्कला निघालेल्या आईवडिलांचं तिकीट काढताना सगळे आधी भाडं बघतात. माझं म्हणणं, आधी तास मोजा, आणि तेही विश्रामबागेतल्या घराच्या दारापासून.

अंतरावर काही ठरत नाही. मुंबई ते जेएफके विमानतळ हे कमीत कमी हवाई अंतर साधारण 12,550 किलोमीटर आहे. लंडनवरून गेलं तर सुमारे 12,750, अबू धाबीवरून सुमारे 13,000. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट युरोपच्या उत्तर भागावरूनच वळते, म्हणून लंडन फारसं आडवाटेला पडत नाही. अबू धाबीचा वळसाही उडण्याच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचाच. खरा वेळ खातो तो थांबा.

थेट विमानाला जाताना साधारण 15 ते 16 तास लागतात. येताना वारा पाठीशी असतो, तासभर तरी वाचतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांच्या विमानांना वळसा घ्यावा लागला. त्यामुळे ऐकीव वेळेवर न जाता तिकिटावरचीच वेळ धरा.

अबू धाबीमार्गे आधी सव्वातीन तास, मग 14 तास, आणि मध्ये तीन-चार तासांचा थांबा. एकूण 21 च्या आसपास. लंडनमार्गेही जवळपास तेवढेच, पण तिथे उड्डाणं मधोमध तुटतात: दहा तास आणि आठ तास. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे मानवतं. मात्र ट्रान्झिट व्हिसाचा, म्हणजे मधल्या देशात विमान बदलायच्या परवानगीचा, नियम तिकिटाआधी पाहून घ्या.

अबू धाबीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स 2014 पासून तिथेच उरकता येतं. सोळा तासांच्या प्रवासानं थकलेल्या आईला परक्या देशात रांगेत उभं राहून इंग्रजीत उत्तरं द्यावी लागणं, हे मी जवळून पाहिलंय. ते आधीच आटपलं की न्यूयॉर्कला उतरून फक्त बॅगा घ्यायच्या. थांबा मात्र अडीच तासांपेक्षा कमी घेऊ नका, तपासणीला वेळ लागतो.

तरीही पहिल्यांदाच, दोघंच जाणार असतील तर मी थेट विमान घेईन, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. विमान बदलायचं नाही, बॅगा चुकायची धास्ती नाही. तिकिटासोबत व्हीलचेअर नक्की मागा आणि दर दोन तासांनी उठून चालायला सांगा.

सांगली ते मुंबई गाडीनं सात-आठ तास लागतात, आणि विमान बहुधा रात्रीचं. त्याच दिवशी निघालात तर पेठ नाक्यापासून खंबाटकीपर्यंत कुठे ट्रॅफिक लागेल सांगता येत नाही. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघा. सकाळी मुंबईत पोचून पाहुण्यांकडे दिवसभर झोप होते, आणि विमानात बसताना माणूस ताजातवाना असतो.