सेवा पुरवणारी संस्था की धोरण बदलू पाहणारी? देणगीदारासाठी तुलनात्मक आढावा

स्वयंसेवी संस्थेला देणगी द्यायचे ठरवल्यावर निवड बहुधा दोन प्रकारांत करावी लागते. पहिल्या प्रकारच्या संस्था गरजूंना प्रत्यक्ष सेवा पुरवतात, तर दुसऱ्या प्रकारच्या संस्था कायदे व धोरणे बदलावीत म्हणून पाठपुरावा, म्हणजेच जनवकिली, करतात. दोन्हींचा हेतू नफा हा नसतो. मात्र कामाचे मोजमाप आणि पैशाचा मार्ग यांत मोठा फरक असतो.

भूसुरुंगांच्या प्रश्नात हा फरक ठळकपणे दिसतो. सुरुंगाने पाय गमावलेल्या मुलाला कृत्रिम पाय बसवणे हे सेवाकार्य झाले. पण मूल वाढते, पाय तोकडा पडतो आणि पुन्हा माप घेऊन नवा करावा लागतो. असे किती पाय बसवले, हे वार्षिक अहवालात नेमके सांगता येते. सुरुंग पेरणे मात्र त्यामुळे थांबत नाही. म्हणूनच १९९२ मध्ये सहा संस्थांनी भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम उभारली, आणि त्यांत अपंगांसाठी काम करणाऱ्या व सुरुंग काढणाऱ्या संस्थाही होत्या. १९९७ मध्ये भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या ओटावा करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी मोहिमेला नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. अमेरिका, रशिया व चीन करारापासून दूरच राहिले. एवढ्या लवकर एवढे यश हा अपवादच समजावा. एरवी जनवकिलीत वर्षानुवर्षे हाती काही लागत नाही, आणि लागले तरी श्रेय कोणाचे हे सिद्ध करणे अवघड असते.

सेवासंस्था अनेकदा सरकारी अनुदानावर चालतात, त्यामुळे त्याच सरकारवर टीका करताना त्यांचा हात आखडतो. याउलट मानवी हक्कांसाठी जनवकिली करणारी ह्यूमन राइट्स वॉच सरकारांकडून पैसा घेत नाही. पर्यावरणासाठी मोहिमा चालवणारी ग्रीनपीस सरकारांबरोबर कंपन्यांनाही नकार देते. अशा ठिकाणी सामान्य माणसाच्या देणगीला अधिक वजन येते, असे माझे मत आहे. अर्थात ही विभागणी काटेकोर नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ ही डॉक्टरांची संस्था उपचारही करते आणि डोळ्यांदेखत घडणाऱ्या अन्यायाबद्दल बोलतेही. निर्वासितांना रोखण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ २०१६ मध्ये तिने युरोपीय संघाचा व त्याच्या सदस्य देशांचा निधी नाकारला.

आपत्तीच्या वेळी, किंवा दिलेल्या पैशाचे काय झाले हे वर्षभरात कळावे असे वाटत असेल, तर सेवासंस्था निवडावी. मात्र प्रकल्पाचा निधी संपल्यावर तेथील लोकांचे काय होणार, हे तिला आधी विचारावे. गरज पुन्हा पुन्हा निर्माण होत असेल आणि तिचे मूळ एखाद्या नियमात असेल, तर जनवकिलीच्या संस्थेला नियमित, शक्यतो बिनअटी देणगी द्यावी. तिच्या जमाखर्चात पगारांचा वाटा मोठा दिसला म्हणून बिचकू नये, कारण अभ्यास, लेखन व पाठपुरावा करणारी माणसे हाच तिथला मुख्य खर्च असतो. ज्यांच्या वतीने ती बोलते, त्यांच्यापैकी कोणी तिच्या विश्वस्त मंडळावर आहे की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे.