धंतोलीतील डायलिसिस केंद्र : परगावच्या रुग्णाचा अनुभव

डिसेंबरात भाचीच्या लग्नासाठी आठ दिवस नागपूरला जायचे ठरले, तेव्हा बाबांच्या आठवड्यातून ३ वेळा होणाऱ्या डायलिसिसची सोय हाच पहिला प्रश्न होता. धंतोलीतील एका खासगी केंद्राला आम्ही ३ आठवडे आधी फोन केला आणि त्यांनी मागितलेली कागदपत्रे, म्हणजे हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्हीचे ताजे अहवाल, मागील सत्रांच्या नोंदी, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचे वजन), हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) मात्रा आणि डॉक्टरांचे पत्र, पुण्याहून पाठवून दिली. हिपॅटायटिस बीसारखा संसर्ग असलेल्या रुग्णांसाठी मशीन वेगळे ठेवावे लागते, त्यामुळे या अहवालांचा आग्रह मला योग्यच वाटला.

सुई लावण्यापूर्वी तंत्रज्ञ ताईंनी बाबांच्या डाव्या हातावरील फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांवर, बोटे ठेवून रक्तप्रवाहाची थरथर तपासली आणि "काकाजी, घरी सुई कुठे लावतात?" असे विचारले, तेव्हाच माझी निम्मी काळजी मिटली. पुढच्या ४ तासांत त्या रक्तदाब सतत नोंदवत होत्या.

दुसऱ्या सत्राला मात्र सकाळी ७ची वेळ देऊनही मशीन साडेआठला मिळाले आणि उशीर होणार असल्याचे कोणीही कळवले नाही. परगावी आलेल्या थकलेल्या माणसाला असे ताटकळत ठेवणे मला मुळीच पटले नाही.

तरीही गरज पडल्यास मी याच केंद्रात जाईन. लग्नघरी संत्र्यांच्या करंड्या येणार हे ओळखून, त्यांतले पोटॅशियम निकामी मूत्रपिंडांना नीट बाहेर टाकता येत नाही म्हणून बाबांना संत्री देऊ नयेत अशी चिठ्ठी त्या ताईंनी आपणहून यजमानांसाठी लिहून दिली होती.