लेबकुखन घराचा कटर सेट: तयार किट सोडा, हाच घ्या

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. नोव्हेंबर लागला की सुपरमार्केटमध्ये लेबकुखनच्या, म्हणजे नाताळच्या मसालेदार मधाच्या बिस्किटांच्या घराची (जिंजरब्रेड हाउस) तयार किट्स येतात आणि पोरं हट्ट धरतात. आम्हीही एकदा आणलं, छताचा तुकडा खोक्यातच तुटलेला निघाला, भिंती टणक आणि नुसत्या गोड, मसाल्याचा पत्ताच नाही, घर उभं राहिलं पण कुणी खाईना. मला ते अजिबात पटलं नाही, खायच्या वस्तूला चव हवीच ना!

त्यापेक्षा साच्यांचा सेट घ्या. भिंती, छत, दार, चिमणी आणि वर छोटी झाडं, सगळं येतं. एडेलश्टालचाच म्हणजे स्टेनलेस स्टीलचा बघून घ्या, वाइसब्लेखचे, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे, स्वस्त मिळतात पण नीट कोरडे केले नाहीत तर गंजतात. माझ्या सेटची धार छान आहे, घट्ट पीठही एका दाबात कापलं जातं. आणि खरा फायदा बेक केल्यावर कळतो, पीठ थोडं पसरतंच, मग ट्रे बाहेर काढल्या काढल्या गरम तुकड्यावर तोच साचा परत दाबायचा, कडा सरळ होतात आणि भिंती एकमेकींना नीट चिकटतात. कागदी टेम्प्लेट ठेवून सुरीने कापताना एवढं नेमकं जमत नाही.

पीठ असं: २५० ग्रॅम मध, १२५ ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बटर गरम करून विरघळवा, कोमट झालं की एक अंडं, अर्धा किलो ४०५ नंबरचा मैदा आणि लेबकुखनचा मसाला घाला. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, धणे, सगळं आपल्या डब्यातलंच आहे, मी वरून सुंठ जरा सढळ हाताने घालते. एक चमचा पोटाशे (पीठ फुगवणारा क्षार) थोड्या पाण्यात विरघळवून घाला आणि पीठ रात्रभर ठेवा. त्याऐवजी हिर्शहॉर्नझाल्त्स, म्हणजे पीठ फुगवणारा अमोनियाचा क्षार, वापरलंत तर ओव्हनमधून अमोनियाचा वास येईल, घाबरू नका, तो उडून जातो, पण कच्चं पीठ मुलांना चाखू देऊ नका. बेकिंग पेपरवरच अर्धा सेंटीमीटर जाड लाटा, साचे दाबा आणि आजूबाजूचं पीठ काढून घ्या, तुकडे उचलायचे नाहीत, वाकडे होतात. १८० डिग्रीला बारा-पंधरा मिनिटं. खिडक्यांत कडक गोळ्यांचा चुरा शेवटच्या तीन-चार मिनिटांत भरा, वितळून रंगीत काचा होतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या हॅन्सेल-ग्रेटेलच्या गोष्टीतही चेटकिणीच्या घराला साखरेच्याच खिडक्या होत्या, म्हणून पोरांना हे भयंकर आवडतं.

चिकटवायला एका अंड्याचा पांढरा बलक, २५० ग्रॅम पिठीसाखर, लिंबाचे थेंब. पाश्चराइज्ड (उष्णतेने जंतू मारलेला) पांढरा बलक मिळाला तर तोच घ्या. भिंतींना आतून कप टेकवा आणि छताआधी दोन तास तरी थांबाच. अंडं नको असेल तर फक्त लिंबाच्या आयसिंगवर भिंती टिकत नाहीत, साखर वितळवून कॅरमल करून लावा, स्वीडनमध्ये तसंच करतात, मात्र हे काम मोठ्यांनीच करायचं, फार भाजतं.

सजावटीला शाकाहारी घरांनी पाकीट वाचून घ्या, गमी बेअरमध्ये जिलेटिन असतं आणि ते बहुतेक डुकराचं. कात्येस या गोळ्यांच्या ब्रँडचा सगळा माल २०१६ पासून जिलेटिनशिवाय असतो, आमच्याकडे तोच येतो. इथे दिवाळीत थंडीपावसामुळे बाल्कनीत किल्ला करता येत नाही, ती हौस पोरं या घरावर भागवतात, पुण्याहून आणलेले मावळे पिठीसाखरेच्या बर्फात पहाऱ्याला उभे असतात आणि मला ते फार म्हणजे फार आवडतं.

सेटची तक्रार एकच, चिमणीचे साचे इतके बारके आहेत की तुकडे जळतात, ते वेगळ्या ट्रेवर ठेवून लवकर काढा. आणि खरेदी जानेवारीत करा, तेव्हा सीझनचा माल बऱ्याच दुकानांत स्वस्तात निघतो.